गाडी कानानं घ्यायची असते

सिग्नल सुटला आणि गाडीने उचकी दिली. धक्का म्हणावा असाही नव्हता तो. भरल्या पेल्यातलं पाणी काठापर्यंत यावं आणि न सांडता मागे जावं, एवढंच. मागच्याने हॉर्नदेखील दिला नाही. पण नवऱ्याचा हात गिअरकडे न जाता गाण्याच्या बटणाकडे गेला आणि त्याने गाणं मोठं केलं. तिच्याकडे न बघता, अगदी सहज, चारचौघांत एकाने ढेकर द्यावी आणि दुसऱ्याने ती झाकायला घसा खाकरावा तसं. तिने त्या हाताकडे पाहिलं. स्वच्छ हात होता, नखं कापलेली, अंगठी रुतते तिथे मांस थोडं वर आलेलं. ह्याच हाताने तिच्या कपाळावरचा ताप पाहिला होता, घट्ट बसलेली झाकणं उघडून दिली होती, झोपेत तिच्या पाठीवर येऊन तो निवांत पडला होता. आणि आज, एक बटण फिरवलं म्हणून, तो हात तिला कुणाच्या तरी तोंडातून परत ताटात पडलेल्या घासासारखा वाटला. तिने काच खाली केली. "एसी चालू आहे," तो म्हणाला. "वास येतोय," ती म्हणाली. "यावा म्हणूनच मारलाय," तो म्हणाला आणि स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन हसला.

वास लिंबाचा होता, पण कुठल्याही लिंबाच्या झाडाने तो आपला म्हणून कबूल केला नसता. गाडी धुवून घेतल्यावर नवऱ्याने तो स्वतःच्या हाताने सीटांवर, छतावर, पायपुसण्यांवर फवारला होता. त्याच्या खालून जुने वास वर यायला धडपडत होते: सांडलेलं दूध, ओले मोजे, आणि आईला शेवटची दवाखान्यात नेताना मागच्या सीटवर तिला झालेली उलटी. तेव्हा नवरा खरंच चांगला वागला होता. "होऊ दे, होऊ दे, सीटच आहे," असं तो म्हणाला होता. पण आरशातून त्याची नजर लाल दोऱ्याच्या शिवणीवर गेली होती, आणि आईनेही ती पाहिली होती, कारण उलटीने ओली झालेली ओंजळ तिने सीटवर टेकवली नव्हती, दवाखाना येईपर्यंत तशीच धरून ठेवली होती. हे तिला आता का आठवावं? आठवण काही विचारून येत नाही. आई शिलाई मशीन चालवताना स्वतःच जुळवलेल्या ओळी गुणगुणायची, पायाच्या तालावर. कापड संपलं की ओळही संपायची. जिभेवर साखर गं, पोटामधे कातर गं, दिसेना ती. कुणाबद्दल म्हणायची कोण जाणे. विचारलं तर म्हणायची, "कुणाबद्दल नाही गं, सुई चालते म्हणून तोंड चालतं."

गाडीला मिरची हे नाव आईनेच दिलं होतं. लाल, बुटकी, मागे दोन नळकांडी, छताच्या टोकाला शेपटीसारखी पट्टी, आणि एक बटण दाबलं की आवाज खर्जात जाऊन गुरगुरायचा. "बाई बाई, केवढीशी मिरची आणि केवढा तिचा ठसका," आई म्हणाली होती. नवऱ्याला ते फार आवडलं. तो लिफ्टच्या कंपनीत विक्री सांभाळायचा; दिवसभर लोकांना सावकाश, न हिसकता वर जाणारी वस्तू विकायची आणि संध्याकाळी स्वतः हिसका खात घरी यायचं, ह्यात त्याला एक सूड मिळत असावा. मुलगा परगावी शिकायला गेला त्याच वर्षी गाडी आली. रिकाम्या झालेल्या खोलीत गाडी धुण्याचे कपडे, मेणाचे डबे, मऊ ब्रश राहायला आले.  माणसाला जीव लावायला काहीतरी लागतं, असं तिने स्वतःलाच समजावलं होतं. कुणी मांजर पाळतं.

आवाज तिला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा वॉरंटी चांगली शाबूत होती. गाडी नुसती उभी, इंजिन चालू, नवरा फाटक उघडायला उतरलेला. आणि त्या सगळ्या गुरगुरीच्या वर, अगदी वर, एक बारीक रेघ. पावसाळ्यात दाराच्या फटीत एखादा किडा बसतो आणि आपण खोलीत नाही असं समजून बोलत राहतो, तसा. ती जगते आवाजांवर. कानांच्या दवाखान्यात तिचं काम म्हणजे माणसांना एका जाड भिंतींच्या लहान खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, आणि काचेच्या ह्या बाजूला बसून एकेक सूर सोडायचा, जाड सूर, बारीक सूर, मोठा, लहान, अगदी असून नसल्यासारखा. ऐकू आला की माणसाने बोट वर करायचं. ती लोकांचे चेहरे विसरते, कान विसरत नाही. कानांच्या पाळ्या, कानांतले केस, मळाचे मधासारखे, डांबरासारखे रंग, हेडफोनच्या गादीवर राहणारा तेलाचा गोल. लोकांना वाटतं तिला किळस येत असेल. कधीच नाही आली. शरीराची किळस येण्याइतकी ती श्रीमंत घरची नाही, असं ती गमतीने म्हणायची. किळस वेगळ्याच गोष्टीची असते, हे तिला अलीकडे समजायला लागलं होतं.

तर त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, "गिअरच्या बाजूने बारीक आवाज येतोय." नवरा म्हणाला, "तुला भिंतीतूनही येतो." दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "दिवसभर पीं पीं ऐकतेस, घरी आल्यावरही तेच वाजत राहतं डोक्यात. एखादी सुट्टी घे." तिसऱ्यांदा ती स्वतः त्याच्याबरोबर सर्व्हिस सेंटरला गेली. तिथला इस्त्रीच्या शर्टातला सल्लागार गाडीत बसला, एसी पूर्ण सोडला, बोलत बोलत एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, तक्रार आढळली नाही." नवरा त्याच्याकडे बघून असा हसला, जणू दोन पुरुषांनी मिळून एका बाईला शांतपणे घरी सोडलं होतं. पुढे वॉरंटी संपली. आणि वॉरंटी संपली तसे नवऱ्याचे कान उघडले. आधी त्याने गाणं लावणं सोडलं. मग खिडक्या बंद करून गाडी चालवायला लागला, मान तिरकी करून. मग एका संध्याकाळी पुलाच्या चढावर, रांगेत सरकत सरकत गाडी तापल्यावर, मिरचीने हात सोडला. इंजिन ओरडतंय आणि चाकांना काही सांगितलंच जात नाही. गाडी मागे सरकायला लागली. तिने आरशात पाहिलं तर आरसाभर फक्त ट्रकचं तोंड होतं, जाळीत अडकलेल्या पाखरांसकट. ब्रेक लागला. ट्रकवाला दोन बोटांवर थांबला आणि त्याने जे म्हटलं ते त्यांच्या दोघांच्या आयांना उद्देशून होतं. घरी आल्यावर नवऱ्याने गाडी जागेवर लावली. लिफ्टमध्ये म्हणाला, "विकून टाकू." तिला बरं वाटलं. "दुरुस्त करून?" तिने विचारलं. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने मेलेल्या माणसाला जेवायला वाढू का असं विचारलं होतं. मग तोच म्हणाला, "गार असली की काही होत नाही तिला."

हे वाक्य ती तेव्हा नुसतं ऐकून गेली. गार असली की काही होत नाही. जुनी गाडी घेणारे आधी बॉनेटवर तळहात ठेवतात, हे नवऱ्यानेच तिला सांगितलं होतं. बॉनेट गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्याने आधीच चालवून काहीतरी लपवलंय. गार लागलं तर माणूस सरळ. मिरचीचं उलटं होतं. तिचं खोटं गार असतानाच नांदत होतं. म्हणून आज सकाळीच धुऊन आणायची, सावलीत लावायची, आणि दुपारपर्यंत तिला निववायची. निववायची हा शब्द त्याने वापरला नव्हता, तिच्याच मनात आला, आणि आल्याबरोबर तो विटाळला. आई ताप उतरलेल्या लेकराच्या कपाळाला म्हणायची, निवलं गं बाई, निवलं.

गाडी इमारतीच्या मागच्या सावलीत लागली. नवरा तिच्याभोवती कापड घेऊन फिरायला लागला. ती जिन्याच्या पायरीवर बसली. वर जावं, पडून राहावं, डोक्यावर उशी घ्यावी. पण कोण येणार आहे हे तिला माहीत होतं आणि त्या माहितीने तिला तिथे बसवून ठेवलं होतं. येणार होता तो निवृत्त बसड्रायव्हर. दवाखान्यात तो एकटाच आला होता, पांढरा कडक सदरा, मिशीला तेल. "काही झालेलं नाही मला," हे त्याने बसायच्या आधी सांगितलं. "कान भरलेत थोडे. पोरगी गाडी घेतेय वापरलेली. ऐकून मलाच घ्यायचीय. आमच्या घरात बाबांचा कान म्हणजे सोनाराचा काटा. तेवढे साफ करून द्या." कान साफच होते. तिने त्याला काचेआड बसवलं. जाड सूर त्याने सगळे ओळखले, मोठ्या मानाने, सलाम ठोकल्यासारखं बोट वर करत. मग ती बारीक सुरांकडे चढली आणि बोट यायचं थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा यायला लागलं. तिला नवल वाटलं. मग लक्षात आलं, तो काचेतून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. सूर सोडताना तिची पापणी हलत असेल, ओठ दाबला जात असेल. जन्मभर आरशात मागची गर्दी वाचलेला माणूस, त्याने तेवढ्यावरून ओळखलं. तिने चेहरा मिटला. हे तिचं कसब होतं, सगळ्यांनाच शिकवतात ते: चेहऱ्याने उत्तर सांगायचं नाही. चेहरा पाटीसारखा पुसायचा. मग तिने नुसती शांतता सोडली आणि तरी त्याने बोट वर केलं. एकदा, दोनदा. त्या शांततेत वर आलेलं ते जाड, वाकडं बोट पाहून तिने नोंदीची पेन्सिल खाली ठेवली होती. बारीक सूर त्याचे संपले होते. कायमचे, वर्षानुवर्षं इंजिनाच्या शेजारी बसून. तिने सांगितलं तेव्हा तो खूप वेळ मिशी चाचपत राहिला. "यंत्र लावलं तर ऐकू येईल," ती म्हणाली. "यंत्र लावून ऐकणारा माणूस गाडी काय ऐकणार," तो म्हणाला. "घरी सांगू नका." "आम्ही कुणालाच सांगत नसतो, काका." आणि जाताना बाहेरच्या फळीवर, 'विकणे आहे' आणि फोन नंबर लिहून लावलेल्या लाल गाडीच्या फोटोपाशी तो थांबला. फोटो नवऱ्याच्या आग्रहावरून तिनेच लावला होता. "ही कुणाची?" "आमचीच," ती म्हणाली, कारण खोटं बोलण्याचं काही कारण तेव्हा समोर दिसलं नाही.

कुणालाच सांगत नसतो. आणि रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. नाव नाही, गाव नाही, एका म्हाताऱ्या बसड्रायव्हरचं नुसतं ते बोट सांगितलं. शांततेत वर येणारं. तिला ते कुणालातरी द्यायचं होतं, जड झालं होतं. नवऱ्याला नाही द्यायचं तर कुणाला? नवऱ्याने घास थांबवला. "बारीक आवाज अजिबात नाही?" त्याने विचारलं. तिला वाटलं, त्याला वाईट वाटलं. दोन दिवसांनी ती ओट्याशी भांडी विसळत असताना त्याचा फोन वाजला. आधी त्याचा आवाज नेहमीचा होता, मग अर्धा सूर खाली उतरला, विक्रीचा आवाज. "हो हो, वडील ड्रायव्हर होते का? अरे वा! मग त्यांना घेऊनच या. नक्की आणा. गाडी कानानं घ्यायची असते, डोळ्यांनी नाही." नळ चालू होता. तिने हातातलं भांडं पाण्याखाली तसंच धरलं. पाणी भरलं, वाहिलं, मनगटावरून कोपरापर्यंत आलं. आपण त्याला जेवताना जे वाढलं ते त्याने खाल्लं नव्हतं, खिशात घालून ठेवलं होतं. त्या दिवसापासून तिला त्याच्या चावण्याचा आवाज ऐकू यायला लागला. आधीही येत असणारच. आता तो तिच्याच कानात चावत होता.

"ताई, हीच ना इमारत?" मुलगी आली ती स्कूटरवरून, मागे बाबा. मुलगी बांधेसूद, धापा टाकत बोलणारी. आजाऱ्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेण्याचं तिचं काम होतं. "पुलापलीकडे चार घरं आहेत माझी रोजची," ती सांगायला लागली, न विचारताच. "एक आजी आहेत, त्यांना मी उठवून उभं केल्याशिवाय त्या दिवसभर उभ्याच राहत नाहीत. स्कूटरवर पाठ माझीच गेली. लोकांची पाठ नीट करता करता माझीच कुबड निघायची!" बाबा उतरले. त्यांनी सदऱ्याची घडी ओढली आणि वर पाहिलं. ती पायरीवरून उठली होती. त्यांनी तिला ओळखलं. एक क्षण त्यांचा सगळा चेहरा तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. मग ते म्हणाले, "नमस्कार, बाई," जसं पहिल्यांदाच भेटतोय. तिनेही नमस्कार केला. नवऱ्याने दोघांकडे पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही असं दाखवलं.

"बघा, काका, हात लावून बघा," नवरा म्हणाला. "सकाळपासून किल्ली लावलेली नाही." सकाळपासून. काका वाकले, त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला. "गार आहे," ते मुलीला म्हणाले. "सरळ माणसाचं काम आहे." बॉनेट उघडलं. नवऱ्याने गाडी सुरू केली आणि मिरची गुरगुरली, गोड, खर्जात, दूध प्यालेल्या मांजरासारखी. आणि तिच्या वर तो बारीक किडा बोलायला लागला. तिला तो इतका स्वच्छ ऐकू येत होता की बाकीच्यांना येत नाही ह्यावर विश्वास बसेना. मुलगी ऐकतच नव्हती, बाबांकडे बघत होती, शाळेच्या निकालाची वाट बघावी तशी. काकांनी कान इंजिनाकडे नेला. एकदा उजवा, एकदा डावा. मग ते न सरळ होता तसेच वाकून राहिले, आणि डोळे वर करून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तिला समजलं. आहे का, असं ते विचारत होते. बाई, सांगा, आहे का? इतक्या माणसांत, लेकीच्या देखत, जन्माची अब्रू पदरात धरून ते दवाखान्यात काचेपलीकडून बघितलं तसेच तिच्याकडे बघत होते. एक पापणी पुरली असती. आणि तिचा चेहरा मिटला. तिने मिटवला नाही. तो आपोआप, वर्षांच्या सवयीने, दुकानाचं शटर ओढावं तसा खाली आला. पाटी पुसली गेली. ती आतून धडका मारत होती आणि बाहेर चेहरा सपाट, शांत, निरोगी उभा होता. काकांनी तो वाचला. त्यांचे खांदे सैल झाले. ते उभे राहिले, हात झटकले आणि मुलीला म्हणाले, "ठणठणीत आहे. घेऊन टाक."

मग चक्कर झाली. मागच्या मोकळ्या रस्त्याने, नवरा शेजारी बसून वाट दाखवतोय, काका मागे. ती सावलीत एकटी उभी राहिली. जिथे गाडी उभी होती तिथे पाण्याचा एक ओला, गाडीच्याच आकाराचा डाग होता आणि लिंबाचा वास अजून तिथेच तरंगत होता. आपल्याला ओकारी येईल असं तिला वाटलं. आली असती तर बरं झालं असतं. कुणाची ही किळस? नवऱ्याची होती, हो. पण त्याला निदान हाव तरी होती, हाव ही एक समजण्यासारखी गोष्ट आहे, पोटात भूक असते तशी. स्वतःच्या चेहऱ्याची होती. चांगल्या कामासाठी कमावलेला चेहरा, आणि तो कुणाच्याही पंगतीला बसला होता. आईने म्हटलं असतं, ऐकून न ऐकलं, त्याला काय करू बाई. भिंतीलाही कान असती, माणसाला नाही. पण आपण तर ऐकलं. आपण सगळ्यांच्या आधी ऐकलं. ऐकून काय केलं? आवाज कानात ठेवून दिला, दागिना ठेवावा तसा. तिला पूल दिसला. चढ, रांग, दुपारचं ऊन, तापलेली लाल गाडी, आणि आरशाकडे बघणारी ही धापा टाकत बोलणारी मुलगी. पलीकडे कुठल्यातरी घरात पलंगाच्या काठावर पाय सोडून बसलेली एक आजी, उठवणारी कधी येते म्हणून दाराकडे बघत.

गाडी परत आली. गार रस्ता, छोटी चक्कर, काहीच झालं नव्हतं. मुलगी उतरली ती फुललेली. "काय पळते हो! बटण दाबलं की मला वाटलं विमान आहे. बाबा, ठरलं?" "ठरलं म्हण," काका म्हणाले. नवरा पुढे झाला. त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं आणि ओठ मोठे करून, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाला, "काका, कान आहे तुमचा! मानलं!" आणि त्यांच्या डोक्यावरून तिच्याकडे बघून त्याने डोळा मारला.

लग्नाच्या नव्या दिवसांत असाच मारायचा, भरल्या घरात, आपलं गुपित म्हणून. तोच डोळा होता. त्यात तीच माया होती, हे सगळ्यात वाईट. आपण दोघं मिळून केलं, असं तो म्हणत होता, आणि खरंच मानत होता.

"गिअरबॉक्स जातोय तिचा," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच अनोळखी लागला नाही; तो दवाखान्यातला होता, खालच्या पट्टीतला, एकेक शब्द सुटा, बारीक सूर गेलेल्या माणसालाही नीट पोहोचेल असा. "गार असताना काही होत नाही. गर्दीत तापली की हात सोडते. पुलावर मागे गेली होती, ट्रक होता मागे. बारीक आवाज येतो, आत्ताही येत होता."

"अगं," नवरा हसला, आणि ते हसू अर्धं झाल्यावर काय करावं त्याला सुचेना. "हिला ना, सगळीकडेच आवाज येतात. धंदाच तो आहे हिचा. पुलावर माझाच पाय..."

"बाबा?" मुलगी म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. "तुम्ही तर म्हणालात ठणठणीत."

काका उभे होते. त्यांनी सदऱ्याची घडी पुन्हा ओढली. मग ते छाती काढून म्हणाले, "कळलं होतं मला. पहिल्याच झटक्यात. म्हटलं बघू या, घरचं माणूस तोंड उघडतंय का. गाडी बघायची असते तशी माणसंही बघायची असतात."

"बघा!" मुलीचा जीव भांड्यात पडला आणि भांडं वाजलंच. "आमचे बाबा म्हणजे! मला वाटलं, झालं, बाबांचा कान गेला. बरं झालं हो ताई, बोललात. चला बाबा, रविवारी ती पांढरी बघून घेऊ, तुम्ही ऐकल्याशिवाय मी सहीच करणार नाही."

 नवऱ्याला खरं काय ते माहीत होतं, आणि ते बोलायला तोंड उघडावं तर कुठून ऐकलं हे आलंच. तो आपल्याच घासाने गुदमरल्यासारखा उभा होता. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. किती सोपं होतं म्हाताऱ्याचं खोटं, किती घोटीव, आणि किती लवकर त्यावर लेकीचा विश्वास पुन्हा चढून बसला. रविवारी पांढरी गाडी. तिथे आणखी कुणी गार बॉनेट ठेवलं असेल, आणि तिथे काका कुणाच्या चेहऱ्याकडे बघणार? एका गाडीतून उतरवून आपण तिला दुसऱ्या गाडीत बसवत होतो. फाटकाशी स्कूटर वळत होती. ती पायात चप्पल नीट नसताना तशीच पळत गेली.

"काका, रविवारच्या आधी माझ्याकडे या."

"कुठे?" मुलीने विचारलं. "तुम्ही काय करता ताई?"

आता सांगायचं म्हणजे किती सांगायचं? दुसऱ्याचं गुपित एकदा जेवणाच्या ताटात सांडलं होतं. पुन्हा सांडायचं नव्हतं. "मी कान तपासते," ती म्हणाली. "कुणीही येऊ शकतं. तुम्हीही या." आणि पुढे बोलली नाही. पण ह्या वेळी तिने चेहरा मिटू दिला नाही. शटर खाली यायला लागलं तसं ते तिने दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काय दिसलं असेल त्यात, देव जाणे. कपाळाला घाम होता, हनुवटी थरथरत होती. काका त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. स्कूटर भरभरत होती. "बंद कर जरा," ते लेकीला म्हणाले. तिने बंद केली. "गेलो होतो मी ह्यांच्याकडे," काका म्हणाले, रस्त्याकडे बघत. "तुला बोललो नाही. मघाशी ते... मला नव्हतं आलं ऐकायला. काहीच." मुलीने हेल्मेट काढलं. त्यानंतर बाप-लेक काय बोलले ते ऐकायला ती थांबली नाही. सगळंच ऐकायचं नसतं.

नवरा गाडीपाशी होता. बॉनेटवर काकांचा तळहात उमटला होता, पाच बोटं, धुतलेल्या लालीवर स्पष्ट. तो तोंडाची वाफ टाकून, खिशातल्या रुमालाने ती घासत होता. तिची चाहूल लागली तरी त्याने वर पाहिलं नाही. "माझी काय शोभा केलीस," तो म्हणाला. नंतर, बऱ्याच घासण्यानंतर, अगदी घरगुती आवाजात, भाजी आणायची आहे असं सांगावं तसं म्हणाला, "उद्या एक जण येतोय. नवीन लग्न झालंय त्याचं. तू बहिणीकडे जाऊन ये ना सकाळी."

तिला ओरडावंसं वाटलं नाही. ओरडायला अंतर लागतं, आणि तो फार जवळ होता, लिंबाच्या वासासकट, कानातल्या केसांसकट, इतक्या वर्षांच्या झोपेसकट. ह्या माणसाला सोडून ती आज कुठे जाणार नव्हती, उद्याही नाही बहुधा. रात्री त्याच्याच शेजारी झोपावं लागेल आणि तो हात पाठीवर येऊन पडेल. हे तिने पाहून घेतलं, नाक न दाबता.

"जाणार नाही," ती म्हणाली. "तो यायच्या आधी मीच गाडी घेऊन बाहेर पडेन. पुलावरून, गर्दीच्या वेळी, दोन चकरा. चांगली तापवून आणून त्याच्यासमोर उभी करेन. मग त्याला हवी तर घेईल."

"डोकं फिरलंय तुझं."

तिने हात पुढे केला. तो त्या हाताकडे बघत राहिला, काय मागतेय ते कळत असूनही. मग त्याने खिशातून किल्ली काढली. देताना दिली नाही, नुसती बोटं सैल केली. किल्ली त्याच्या घामाने ओली होती. तिने ती आधी बाहीला पुसली, आणि मग मुठीत घेतली.